पाचवं नाव

पप्पांच्या वर्कशॉपच्या वेबसाइटचं एसएसएल प्रमाणपत्र, म्हणजे साइट सुरक्षित असल्याचं पत्त्याशेजारी दिसणारं कुलूप, शुक्रवारी संपतंय, हे मला सोमवारी कळलं. मी ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथपाल आहे. परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते, तेवढ्यात समाधानचा फोन आला. समाधान कासारवाडीचा. तळवड्यातल्या बऱ्याच छोट्या कारखान्यांचे सर्व्हर तो सांभाळतो, त्यात आमचाही.

"ताई, कुलूप बदलायला झालंय. आणि या वेळी नुसतं रिन्यू करून भागणार नाही."

"दरवर्षी करतोस तसं करून टाक ना."

"चाकणची कंपनी नको म्हणतेय. त्यांचा मेल बघा. बघितलाच नसेल तुम्ही."

खरंच बघितला नव्हता. सप्टेंबरात पप्पा गेले, तेव्हापासून त्यांच्या नावाने येणारे मेल मी दिवसाआड उघडायचे आणि अर्धे तसेच सोडायचे. थकवा असा होता की झोपून जात नव्हता.

आमच्या घरात पिंड नाही, कावळा नाही, दहावं नाही. भन्तेजी आले, जलदान विधी झाला, पुण्यानुमोदनाला माणसं जेवून गेली. पप्पांचं मत पक्कं होतं. मेलेला माणूस कुठे जात नाही, तो संपतो, असं ते शांतपणे सांगायचे. मला ते पटलेलं होतं, आजही पटतं. फक्त त्यामुळे नंतर हाताला काही काम उरलं नाही. वर्कशॉपची कामं मी घेतली ती बहुधा म्हणूनच.

पप्पा, भीमराज, पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूमला होते. तिथून बाहेर पडल्यावर त्यांनी तळवड्यात गेज बनवायचं वर्कशॉप काढलं. गाडीचा एखादा सुटा भाग बरोबर मापाचा झालाय की नाही, हे ज्या तुकड्याने तपासतात तो गेज. चाकणच्या कंपनीला आमचे गेज जात. प्रत्येकाबरोबर मापांचा रिपोर्ट जायचा, तोही आमच्या वेबसाइटवरून. रिपोर्ट अडला की माल अडला, आणि माल अडला की नऊ माणसांचं काम.

मंगळवारी अर्धी रजा टाकून मी तळवड्याला गेले. पप्पांच्या केबिनमध्ये समाधान लॅपटॉप उघडून बसला होता.

"तीन प्रकार असतात, ताई. एक, एकाच नावाचं. ते आपल्या कामाचं नाही. दुसरं अनेक नावांचं. त्यात जेवढी नावं लिहाल तेवढी आत, न लिहिलेलं बाहेर. तिसरं स्टारवालं, वाइल्डकार्ड. मूळ नावाच्या आधी काहीही जोडा, सगळं आत. आज आहे ते, उद्या काढाल ते, आणि नाहीच ते सुद्धा."

"आपलं कुठलं आहे?"

"स्टारवालं. काका म्हणायचे, दारात वही घेऊन कोण बसणार?" तो हसला. "पण कंपनीला आता स्टार चालत नाही. चावी एकदा चोरीला गेली की सगळंच उघडं पडतं, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच आहे. नावं एकेक करून लिहायची, कुठलं कशासाठी आहे ते सांगायचं, आणि प्रत्येकापुढे जबाबदार माणूस. कामावर असलेला."

"मग लिही. मूळ साइट, मेल, रिपोर्ट, ऑर्डर. चार."

"पाच आहेत."

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. आठवड्याभरात कुठल्या नावावर किती ये-जा झाली ते त्यात दिसत होतं. चार ओळखीची. पाचवं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, दुसरी पाळी.

"हे कुणी काढलं?"

"मी नाही. काकांनी काढलं असेल म्हणावं तर सर्व्हरवर त्या नावाचं काहीच नाहीये. साधं फोल्डरसुद्धा नाही. तरी उघडतंय. स्टार आहे म्हणून कुलूपही बरोबर लागतंय." त्याने मान खाजवली. "आपल्याकडे दुसरी पाळी चालते का?"

"कधीच नाही."

विजयश्री दारात उभी होती. तपासणीचं काम तिचं, लातूरकडची, बोलणं सडेतोड. "नाही कशी, ताई? साहेबांची चालायची की. दुपारचा भोंगा झाला की स्टँडर्ड रूममध्ये जाऊन बसायचे. मी विचारलं तर म्हणायचे, तुझी पहिली पाळी, माझी दुसरी."

समाधानने ते पान उघडलं. पांढरं, कोरं पान. मधोमध एक रेघ, खाली वेळ, बाजूला तापमान. रेघ वीस अंशांवर सपाट चालली होती.

स्टँडर्ड रूम म्हणजे वर्कशॉपच्या मागच्या बाजूची मापं घ्यायची खोली. दोन दारं, एक काचेची खिडकी, आणि कायम वीस अंश. जगात कुठेही लोखंडाचं माप घ्यायचं तर ते वीस अंशांना घ्यायचं, असा नियम आहे, कारण लोखंड उष्णतेने वाढतं. आत एका वेळी एकच माणूस जायचा, हा पप्पांचा नियम. माणसाच्या अंगाची ऊब दिव्यासारखी असते, खोलीला लगेच कळतं, असं ते म्हणायचे. लहानपणी त्यांनी मला आत नेऊन दाखवलं होतं. मी गेले आणि आकडा हलला.

"सेन्सर तिकडेच पाठवत असेल," मी म्हणाले.

"सेन्सर रिपोर्टच्या पानाला जोडलाय, ताई. आणि तो दर तासाला एकच आकडा टाकतो. ही रेघ चालू आहे."

आम्ही बघत असताना साडेतीन वाजले. शेजारच्या कारखान्याचा भोंगा झाला. रेघ हलली. सावकाश, चढण लागल्यासारखी वर गेली आणि वीस पूर्णांक दोनवर जाऊन तिथेच चालत राहिली.

"आत कोण गेलं?" समाधानने विचारलं.

विजयश्रीने ॲप्रनच्या खिशातून किल्ली काढून दाखवली. "दुपारनंतर कुणीच जात नाही. साहेब गेल्यापासून मी बारालाच बंद करते."

"रोज असंच होतंय," समाधान मागचे दिवस उघडत म्हणाला. "साडेतीनला वर, साडेसहाच्या सुमाराला खाली. रविवारी नाही."

मी अशा गोष्टी वाचलेली बाई आहे. वाचताना पहिल्या पानावरच कारण शोधायची मला सवय आहे. मी पश्चिमेकडची भिंत बाहेरून तपासली. ऊन तिच्यावर येतच नव्हतं, शेजारच्या शेडची सावली होती. एसीचा मेकॅनिक बोलावला. त्याने सगळं उघडून पाहिलं आणि म्हणाला, मशीन एकदम ओके, मॅडम. बुधवारी मी सेन्सरची वायर काढून टाकली. रिपोर्टच्या पानावरचा आकडा थांबला. पाचव्या नावावरची रेघ साडेतीनला वर गेली.

विजयश्रीने त्या दिवशी चहा आणून दिला आणि उभीच राहिली.

"ताई, एक बोलू? ते नाव राहू द्या की. कुणाला काय त्रास आहे त्याचा?"

"कंपनीला जबाबदार माणूस हवाय त्यापुढे. कामावर असलेला. कुणाचं लिहू?"

"माझं लिहा."

"उद्या त्यांचा माणूस येऊन विचारेल, काय चालतं या पत्त्यावर. काय सांगशील?"

तिने कप उचलला आणि तपासणीच्या टेबलाकडे गेली.

रात्रभर मी तोच हिशोब करत राहिले. चार नावं लिहिली की काम वाचत होतं. पाचवं लिहिलं नाही तर शुक्रवारनंतर तो पत्ता असुरक्षित ठरणार होता. समाधानच्या भाषेत, जे काही तिथे बोलतंय त्याचं कुणी ऐकणार नव्हतं. प्रश्न साधा होता. पण माझ्या डोक्यात तो प्रमाणपत्राचा राहिला नव्हता. पप्पांना बाहेर ठेवायचं की आत, असा झाला होता, आणि तो तसा झाला याचीच मला लाज वाटत होती. पप्पा असते तर हसले असते.

आईला मी काही सांगितलं नाही. आई, प्रभावती, पप्पांपेक्षा कडक. पप्पा गेल्यावर ती लोकांसमोर रडली नव्हती, माझ्यासमोरही नाही. दुपारभर हॉलमध्ये एकटी बसायची.

गुरुवारी दुपारी मी विजयश्रीकडून किल्ली मागून घेतली.

"काय करायलाव, ताई?"

"बसणार आहे आत. बाहेरून तू रेघ बघ."

साडेतीन होऊन गेले होते. तिने मोबाइल पुढे धरला. वीस पूर्णांक दोन.

मी पहिलं दार लावलं, मग दुसरं. आत तेलाचा आणि थंड लोखंडाचा वास होता. काळं ग्रॅनाइटचं टेबल, त्यावर कापडाने झाकलेले गेज, एक स्टूल. स्टूल टेबलापासून थोडं मागे ओढलेलं होतं, माणूस बसल्यावर असतं तेवढं. मी त्यावर बसले नाही. भिंतीला टेकून खाली बसले.

काही झालं नाही. आवाज नाही, सावली नाही. एसीची एकसुरी घरघर तेवढी.

काचेपलीकडे विजयश्रीने मोबाइल काचेला लावला. वीस पूर्णांक चार.

एका माणसाच्या उबेचे दोन दशांश. मी गणित करून पाहिलं, परत केलं.

मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो नुसता थकवा, सप्टेंबरपासूनचा सगळा. मी लहान असताना ओव्हरटाइम लांबला की आई मला कंपनीच्या गेटवर पाठवायची आणि मी एकच वाक्य म्हणायचे. ते माझ्या तोंडून न ठरवता निघून गेलं.

"पप्पा, चला आता घरी. आई वाट बघतेय."

एसी चालूच होता.

मी उठले. दार उघडलं, बाहेर आले, मागचं दार लावलं.

विजयश्री मोबाइलकडे बघत होती. रेघ उतरत होती. माझ्यापुरते दोन दशांश उतरून ती थांबायला हवी होती. ती थांबली नाही. सरळ वीसवर आली आणि सपाट झाली. साडेसहाला अजून बराच वेळ होता.

"काय बोललात आत?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

तिचा चेहरा पडला. "ताई, गेलेल्या माणसाला घरी चला म्हणत नसतात ओ. आमच्याकडं तर शेतात माती देऊन परत येताना नावसुद्धा घेत नाहीत."

"आमच्यात नसतं तसलं काही," मी म्हणाले. मला हलकं वाटत होतं. "बघ, गेली ना रेघ खाली? काहीतरी बिघाड होता."

त्याच संध्याकाळी मी समाधानला चार नावं कळवली. प्रत्येक नावाची मालकी सिद्ध करायला सर्व्हरवर एक फाइल ठेवावी लागते, ती त्याने ठेवली. प्रमाणपत्र निघालं. शुक्रवारी जुनं संपलं तेव्हा कुणाला कळलंही नाही. कंपनीने यादी मान्य केली, रिपोर्ट गेले, माल गेला. पाचवं नाव उघडलं तर ब्राउझर लाल इशारा द्यायचा, त्यामागे काही नव्हतं. समाधानने जाता जाता एक सोय लावून दिली. आमच्या मूळ नावाखाली कुठेही नवं प्रमाणपत्र निघालं तर मला मेल यायचा.

पुढच्या बुधवारी दुपारी ग्रंथालयात बसलेली असताना तो मेल आला.

मी समाधानला फोन लावला. तो बराच वेळ कीबोर्ड वाजवत राहिला.

"मी नाही काढलं, ताई. पण फाइल ठेवलीय सर्व्हरवर. रीतसर. पासवर्डही काकांचाच वापरलाय."

"वर्कशॉपमधून?"

"नाही. तुमच्या घरच्या नेटवरून. घरी कोण आहे आत्ता?"

घरी आई होती. आईला मोबाइलवर फोन घेता येतो, तेवढंच.

तिने उशिरा उचलला.

"काय करतेस?"

"काही नाही. बसलेय."

"बरी आहेस ना?"

"बरीच आहे की. आज जरा उकडतंय नाही गं? पंखा लावलाय मी."

डिसेंबर होता. माझ्यासमोर मुलं स्वेटर घालून वाचत बसली होती.

"कुणी आलंय का, आई?"

"कोण येणार?" ती म्हणाली. तिचा आवाज कित्येक दिवसांत इतका मोकळा नव्हता. "तू ये सावकाश. घाई करू नकोस."

तिने फोन ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन होऊन गेले होते.

मी मेल खालपर्यंत वाचला. प्रमाणपत्र स्टारवालं नव्हतं. अनेक नावांचं होतं, कंपनीला हवं होतं तसं, एकेक नाव लिहिलेलं. पहिलं, दुसरी पाळी. त्याखाली, प्रभावती.

तिसरी ओळ मोकळी ठेवलेली होती.