मोठ्या लेन्सचा कोपरा

एकाहत्तरच्या डिसेंबरात नृसिंहने पुण्याहून जुना जर्मन कॅमेरा आणला, तेव्हा त्याच्याबरोबर दोन लेन्स आल्या. दुकानदाराने दोन्ही वापरून बघायला दिल्या होत्या. एक ठेवायची, दुसरी परत करायची. संगमनेरला आम्हा दोघांचा भागीदारीतला फोटो स्टुडिओ होता. कॉलेजपासूनची दोस्ती, त्यामुळे भांडणं रोजची आणि चहाही रोजचा.

मोठी लेन्स चांगली जड होती. पुढची काच वाटीएवढी, त्यामुळे दिवेलागणीलाही फ्लॅशशिवाय फोटो यायचा. लहान लेन्सला भरपूर उजेड लागायचा, पण तिची नळी आत ढकलली की कॅमेरा कोटाच्या खिशात मावायचा. आमच्याकडची निम्मी लग्नं गोरज मुहूर्ताची, म्हणून मी मोठीवर अडून बसलो. नृसिंहला लहान हवी होती. त्याचं म्हणणं, या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही, बाजूच्या खिडकीतून बघतो, आणि मोठी लेन्स एवढी पुढे येते की खिडकीतला उजवीकडचा खालचा कोपरा झाकून जातो. तिथे काय आहे ते फोटो धुतल्यावरच कळतं. मुद्दा खरा होता. पण हा गृहस्थ आजवर नवरदेवांची डोकी कापून फोटो देत आला होता. त्याला अचानक कोपऱ्याची काळजी लागलेली बघून मी त्याची भरपूर टर उडवली.

अडचण एवढीच होती की फोटोसाठी नवरीला नवऱ्याच्या डाव्या हाताला बसवायची रीत. म्हणजे खिडकीतून ती उजवीकडे दिसते आणि तिच्या पलीकडची जागा नेमकी लेन्सच्या आड जाते. मी आधी तिथली माणसं हटवायचो, जागा रिकामी झाली हे डोळ्यांनी बघायचो आणि मगच बटण दाबायचो.

प्रवरेकाठच्या एका लग्नाचे फोटो धुतले, तेव्हा त्या कोपऱ्यात नवरीला खेटून एक तरुण बसला होता. खाकी शर्ट, बारीक केस. एकावर एक दोन फोटो आले असतील म्हणून मी फिल्म तपासली. मी बी.एस्सी. झालेला माणूस, दुसरं काही डोक्यात येणं शक्य नव्हतं. फिल्म ठीक होती. त्याच्या कोपराखाली नवरीच्या शालूची घडी दबली होती.

नवरीची आई, रतनबाई, फोटो न्यायला आली. तिने तो फोटो उजेडाकडे धरला. मग पदराखाली घेतला.

"ह्यो पोरगा लग्नाला न्हवता," ती म्हणाली. "लढाईवर हाय त्यो. ह्याची फिलिम बी द्या मला. आन् पोरीला काय इचारू नका."

मी नृसिंहला हे सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "लेन्स परत कर." पुढच्या लग्नात कोपरा रिकामा निघाला, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. खरं सांगायचं तर या दुसऱ्या नवरीसाठी मला बरं वाटलं.

माझ्या लग्नानंतरची ती पहिली संक्रांत होती. लीनाने काळी चंद्रकळा नेसून हलव्याचे दागिने घातले, माझ्या गळ्यात हलव्याचा हार घातला. लीना मला फार आवडायची आणि मीही तिला आवडतो यावर माझा पूर्ण विश्वास होता. हळदीकुंकवाच्या बायका गेल्या तेव्हा उजेड उतरला होता. ओसरीत सतरंजीवर ती माझ्या डाव्या हाताला बसली. फोटो काढायला नृसिंह होता.

त्याने पिशवीतून लहान लेन्स काढली. मी ती त्याच्या हातातून घेतली आणि मोठी बसवून दिली.

"नको, शामू," तो म्हणाला.

"दाब बटण," मी म्हणालो.

त्याने दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डार्करूममध्ये कागदावर आधी मी उमटलो, मग लीना, मग कोपरा.

कोपऱ्यात नृसिंह होता. लीनाच्या खांद्याला खांदा लावून मांडी घालून बसलेला. त्याचा डावा डोळा मिटलेला होता, फोटो काढताना तो मिटतो तसा. गळ्यात हलव्याचा हार होता.

माझ्या गळ्यात नव्हता.

मी ओला फोटो तसाच नृसिंहपुढे ठेवला. ओसरीत आमच्यासमोर उभं राहून बटण दाबणारा हाच माणूस. त्याने फोटोकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

"मी तुला लहान घे म्हणत होतो," तो म्हणाला आणि सायकल काढून गेला.

घरी लीनाला फोटो दाखवला. हे कसं झालं, भावजी इथे कसे आले, असं काहीतरी ती विचारेल म्हणून मी थांबलो. तिने विचारलं नाही.

"अहो, मोठ्या लेन्सनं काढलात?" ती हळूच म्हणाली. "भावजी तर म्हणाले होते, ती परत करणार म्हणून."

म्हणजे दोघांनाही माहीत होतं. दोघांनी त्यावर बोलून ठेवलं होतं. दोघांनी मला फसवलं होतं, आणि वर मला कळून वाईट वाटू नये म्हणून काळजीही घेतली होती. त्या काळजीचा मला जास्त राग आला.

मी मोठी लेन्स दुकानदाराकडे पाठवून दिली. लहान ठेवली.

रथसप्तमीला लीनाने दागिने पुन्हा घातले. मी लख्ख उन्हात कॅमेरा स्टुलावर ठेवला. खिडकीत चारही कोपरे दिसत होते. टायमर लावून मी सतरंजीवर जाऊन बसलो. लीना आधी थोडी लांब होती, ती सरकून मला चिकटून बसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, ती परत आली.

तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. त्यात तिसरं कुणी नाही. किती जवळ बसलात, असं येणारे म्हणतात. लीनाच्या डाव्या बाजूला सतरंजीवर एका माणसापुरती जागा आहे, आणि तिथे पडणारा पदर तिने उचलून मांडीवर घेतलेला आहे.