तीस मिलिसेकंद

घरी ड्रम रेकॉर्ड करायला आठ माइक लागतात, असं दुकानदार म्हणाला. मी चार घेतले. एक पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमच्या तोंडाशी, एक स्नेअरवर, म्हणजे मांडीसमोरच्या चपट्या ड्रमवर, दोन वाजवणाऱ्याच्या डोक्यावर. लहान खोलीत आठ माइक एकमेकांच्या पायात पाय घालतात. फोमचे तुकडे तो गळ्यातच मारत होता, तेही नाकारले. मागच्या खोलीत जाड गालिचा अंथरला, भिंतींना गाद्या टेकवल्या, कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं टाकलं. वीस वर्षं ध्वनिमुद्रण करतोय. यात माझी चूक होत नाही.

खोली चार मीटर लांब. डोक्यावरचे दोन्ही माइक स्नेअरपासून दोरीने मोजून सारख्या अंतरावर टांगले. ताई स्टुलावर बसून बघत होती.

"फूटपट्टी, आज वाजवू देणारेस की उद्या?"

ताई वाद्यवृंदात अकरा वर्षं ड्रम वाजवत होती. मग उजवं मनगट गेलं. आता संचालकांनी शेवटचं कळवलं होतं : संध्याकाळी सहापर्यंत सात मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवा, नाहीतर तुमची जागा दुसऱ्याला. तीन वाजले होते.

टेक एक : शून्य

ड्रमवाले सुरुवातीला काठीवर काठी आपटत तोंडाने चारपर्यंत मोजतात. ताईचं एक, दोन, तीन, चार काठ्यांवर नेमकं बसलं. दुसऱ्या मिनिटाला मनगटाने दगा दिला. हलके ठोके गळायला लागले. ती थांबली नाही, शेवटपर्यंत गेली. मग हात मांडीखाली दाबून म्हणाली, परत.

टेक दोन : नऊ

पाचव्या मिनिटापर्यंत एकही ठोका गळला नाही. मी खुशीत स्क्रीनकडे पाहिलं.

ताईचे चारही आकडे काठ्यांच्या मागे होते. नऊ मिलिसेकंद. आवाजाला एक मीटर यायला साधारण तीन लागतात. म्हणजे काठ्या वाजल्या तिच्या हातात, आणि आकडे आले तिच्याही मागे तीन मीटरवरून. तिथे दार होतं. बंद.

माणूस मोजताना मागे राहतो, हे मला ठाऊक आहे. पण चार वेळा नेमका नऊने राहत नाही. मी केबल बदलल्या. माइकांची अदलाबदल केली. स्वतः स्टुलावर बसून काठ्या आपटल्या, मोजलं. शून्य.

सामान निर्दोष होतं.

ताईला सांगितलं तर ती म्हणाली, मोजणी कापून टाक की, वाजवणं ऐक. मी पुन्हा रेकॉर्डचं बटण दाबलं.

टेक तीन : तीस

या वेळी तिने मनगटाची पट्टी सोडून ठेवली होती.

सात मिनिटं. असं वाजवणं मी कुणाचंच ऐकलेलं नाही, तिचंही नाही. हलके ठोके तर असे, की कुणी कानाशी चुटकी वाजवावी.

मग आकडे पाहिले. तीस, तीस, तीस, तीस.

दहा मीटर. खोली चारची.

"ताई, बरं वाटतंय ना?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पुन्हा विचारलं.

"हात अजिबात दुखत नाही रे," ती म्हणाली. "फक्त तू जरा मोठ्याने बोल."

साडेपाच वाजले होते. पहिला टेक पाठवता आला असता. गळलेल्या ठोक्यांसकट तो सगळा तिचा होता. मी तिच्या हाताकडे पाहिलं. ती बोटं उघडत होती, मिटत होती, जणू ती नुकतीच कुणी आणून दिली होती.

मोजणी कापली आणि तिसरा पाठवला.

दहा मिनिटांत संचालकांचं उत्तर आलं. जागा तुमचीच, सोमवारी या. मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. ती हसली. तोंड उघडं, खांदे हलताहेत.

खोली शांत होती.

मी माइक बंद केले. हेडफोन काढले. खुर्ची ओढून तिच्या इतक्या जवळ बसलो की गुडघे टेकले. खुणेनेच सांगितलं, एकदा मोज.

ताईने मोजलं. चार म्हणून तिचे ओठ मिटले.

मग मला तीन ऐकू आलं.