अर्जुनाला खाली उतरवायचं होतं

वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुरातून चालायचा, त्या काळातली ही हकीकत. उकंडराव पाटील रायफल घ्यायला खामगावला आले होते. जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला त्यांचं गाव. परवाना खिशात होता, सोबत गावचा जागल्या पुंजाजी होता, आणि पाटलांचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. मोटारवाल्याशी भांडून झालं, पानवाल्याशी भांडून झालं. राग वाघावर होता. पण वाघ काही बाजारात भेटत नाही, म्हणून जो सापडेल त्याच्यावर निघत होता.

त्या वाघानं पाटलांच्या धाकट्या भावाला, अर्जुनरावाला, भर दिवसा नाल्यातून ओढून नेलं होतं. पुंजाजी तेव्हा बरोबर होता. तो झाडावर चढला म्हणून वाचला. पाटलांनी त्याला त्याबद्दल अवाक्षर विचारलं नव्हतं. मात्र जिथं जातील तिथं त्याला बरोबर न्यायचे.

रज्जाकभाईंच्या बंदुकांच्या दुकानात तेलाचा आणि जुन्या चामड्याचा वास होता. त्यांनी गादीवर हत्यारं मांडली.

"ही पाहा पाटील, विलायती जोडनळी. दोन चाप, दोन गोळ्या. मधात खटखट नाही. वाघासाठी हिच्यासारखी चीज नाही."

"अन् ही?"

पाटलांचा हात दुसरीवरच गेला होता. जाड नळीची, वजनदार, चारशे पाच बोअरची. चापाखाली लोखंडी कडी. कडी खाली ओढून वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर पडायचं आणि पोटातली नवी गोळी नळीत चढायची. खांद्यावरून बंदूक काढायचं काम नाही.

"ते एका जंगलसाहेबाची. जाताना विकून गेला," रज्जाकभाई म्हणाले. "गोळी अशी, का रेडा जागीच बसते. पण धक्का लय देते, अन् कडीचा आवाज पार डोंगरात जाते. तुमच्या कामाची नाही."

पाटलांनी कडी ओढली. खट्... खटाक्. "चार गोळ्या राह्यतात?"

"हाव. पण एका वाघाले चार काऊन पाह्यजेत?"

उंबऱ्याशी बसलेला पुंजाजी हळूच बोलला. "वाघ एकटा नाही, भाई. त्याच्या डोक्यावर अर्जुनराव बसेल हाये."

रज्जाकभाईंचा हात थांबला.

"वाघानं मारला तो माणूस वाघाच्याच डोक्यावर बसते. बंदूक कुठी हाये ते त्याले दाखोते. पुढची शिकार बी तोच दाखोते. पाटील ठासणीची बंदूक घेऊन दोनदा बसले. दोन्ही डाव चाप दाबायच्या आंधी वाघानं मान वर केली अन्..."

"गप बे!" पाटील कडाडले. मग त्यांचा आवाजच फाटला. "माह्या पाठचा भाऊ! माह्या ताटात जेवला, अन् आता त्या जनावराची राखण करून राह्यला? माय त्याचं दहावं करू देत नाही. म्हणते, पोरगं मोकळं नाही झालं, तर पिंड कोनाले देऊ? पहिल्या गोळीचं सांगू दे त्याले, दुसरीचं सांगू दे. तिसरीचं सांगाले त्याले सवड कशी भेटते, ते मी पाहतो."

रज्जाकभाईंनी रायफलीवर हात ठेवला. "पाटील, आज नका घेऊ. रागात बंदूक निवडू नये. मी तुमची ठेवतो बाजूले, आठवड्यानं या."

पाटलांनी त्यांचा हात बाजूला केला. रागावलेल्या माणसाला चांगलं सांगणाऱ्याचाच जास्त राग येतो.

तिसऱ्या दिवशी नाल्याकाठच्या अंजनाच्या झाडावर माचाण बांधलं. खाली आमिषाला हेला म्हणजे रेडा बांधला. वर पाटील आणि पुंजाजी. ऊन अजून डोंगराच्या शेंड्यावर होतं आणि नाल्यात सावली भरत होती. पाखरं एकाएकी गप्प झाली. मग कुजलेल्या मांसाचा वास आला... आणि वासामागून वाघ.

पाटलांनी नेम धरला. बोट वळायच्या आत वाघानं मान वर केली आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

गोळी धुळीत गेली. खटाक्. दुसरी दगडावर फुटली. त्या आवाजाच्या मागोमाग नाल्यातून, अगदी जवळून, कुणी म्हणालं, "दादा... मी हावो ना..."

पुंजाजीनं तोंडात धोतराचा बोळा कोंबला. पाटलांना भीती वाटली नाही. त्यांना इतका संताप आला की ते माचाणावर उभेच राहिले.

"उतर! उतर म्हणतो ना खाली, अर्जुन्या!"

खटाक्. तिसरी गोळी वाघाच्या छातीत गेली. तो बसला, आडवा झाला आणि उठलाच नाही. पाटील रडले. त्या क्षणी माचाण करकरलं आणि एका बाजूनं खाली दबलं. कुणी झाडावर चढून आल्यावर दबतं तसं. पाटलांच्या ते लक्षात आलं नाही. पुंजाजीच्या आलं, पण त्यानं तोंडातला बोळा काढला नाही.

घरी येईतो पाटलांची मान मोडून आली होती. बंदुकीचा धक्का, दुसरं काय! तिसरी गोळी झाडल्यावर त्यांनी कडीला हातही लावला नव्हता. तशीच रायफल ओसरीच्या खांबाला टेकवून ते आईला, सोजराबाईंना, म्हणाले, "माय, मोकळा केला त्याले. उद्या दहावं करू."

सोजराबाई ओवाळून टाकायला भाकरतुकडा घेऊन आल्या, आणि थांबल्या. त्या पाटलांकडे पाहत नव्हत्या. पाटलांच्या डोक्याच्या वर पाहत होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या हसल्या.

"उतर रे बापा आता. दादाची मान दुखते. एवढा घोडा झाला, तरी खांद्यावर बसनं सुटत नाही तुह्यं..."

पाटलांना मान हलवायची नव्हती. ती हलली. सावकाश, अंगणाकडे वळली. तिथं पुंजाजी उभा होता. त्यानं पाटलांच्या डोक्यावर नजर टाकली आणि तो जागीच गुडघ्यावर बसला.

"अर्जुनराव... म्या झाडावरून हात देल्ला होता... पण तुमचा हात धरून राह्यलो असतो, तर मी बी खाली आलो असतो... म्हून सोडला..."

इतके दिवस आपला म्हणून जो राग छातीशी धरला, तो आपला नव्हताच, अर्जुनाचा होता की काय, असं पाटलांच्या मनात आलं. "पळ, पुंजाजी," ते कसेबसे म्हणाले. "पळ..."

सोजराबाईंनी घाबरून लेकाचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले.

मागं खांबाशी कुणीच नव्हतं. तिथं रायफलीची कडी खाली गेली आणि वर आली, चौथी गोळी नळीत चढली, आणि रिकामं काडतूस फरशीवर घरंगळत पाटलांच्या पायाशी येऊन थांबलं.