आईची लाडकी जुळी

खोटं सांगून मला काय मिळणार? वाटल्यास आईच्या प्रयोगशाळेतल्या ऑपरेटर काकांना विचारा. त्या रविवारी दुपारी ते माझ्या शेजारीच बसले होते!

माझी आई फ्युजनच्या प्रयोगशाळेत आहे. सूर्याच्या पोटात जे घडतं ते एका अवाढव्य यंत्रात घडवायचं, हे तिचं काम. त्या यंत्राची हुबेहूब संगणकी नक्कल क्लाउडवर चालते. कुठलाही प्रयोग आधी नकलेवर, मगच खऱ्या यंत्रावर. सगळे त्या नकलेला 'जुळी' म्हणतात.

आई तिच्याशी बोलते. लाडानं!

मी वक्तृत्वाच्या अंतिम फेरीत पोचले. मी! हजेरी द्यायलाही लाजणारी! आणि आई काय म्हणाली?

"त्याच दिवशी जुळीची चाचणी आहे गं. बघू."

'बघू' म्हणजे नाही.

स्पर्धेच्या आधीच्या त्या रविवारी यंत्र दुरुस्तीसाठी उघडलं होतं. जुळीला माहिती पुरवणारे सेन्सर काढून ठेवलेले. आई आतल्या भिंती तपासायला यंत्रात शिरली. एकटीच. आत दुसरं माणूस मावतच नाही.

मी कंट्रोल रूममध्ये. पडद्यावर जुळी. निळी, थंड, रिकामी.

"काय गं, बहिणीला भेटायला आलीस?" काकांनी टोमणा मारला.

"बहीण कसली! आई माझी आहे. माझ्या एकटीची." हे मी पडद्याकडे बघून म्हटलं. मुद्दाम.

एसीची घरघर थांबली...

पडद्यावर एक पिवळा ठिपका उमटला. हलणारा.

"आई असेल," मी म्हटलं.

काकांचा चेहरा उतरला. "सेन्सर काढलेत. जुळीला कळलं कसं?"

मग... त्याच्या शेजारी... दुसरा ठिपका.

जरा लहान.

सरकत सरकत तो पहिल्याला बिलगला.

मी इंटरकॉमवर किंचाळले, "आई, आधी बाहेर ये!"

खरखर... मग आईचं हसू. "कानात काय ओरडतेस? इथंच तर आहेस, माझा हात धरून."

काकांनी माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

"आई... मी बाहेर आहे. काकांजवळ."



आई बाहेर आली तेव्हा पांढरीफटक पडली होती. पडदा पुन्हा निळा.

चाचणी सोडून ती स्पर्धेला आली. पहिल्या रांगेत बसली! मी जिंकले. मला वाटलं, दोन्हीकडे जिंकले.

परतताना गाडीत आईनं माझा हात धरला. जरा वेळ. मग सोडला.

"काय झालं?"

"काही नाही गं..." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तिचा हात जास्त उबदार होता."

काल तिनं काकांना फोन केला. मी दाराआडून ऐकलं. यंत्र पुन्हा कधी उघडणार, असं ती विचारत होती.

"आत मीच जाणार," ती म्हणाली. "लेकीला मात्र सांगू नका."

इतक्या आनंदात ती माझ्याशी कधीच बोललेली नाही.