शेवटची गल्ली

"त्याच्या नावाची पाटी? माझ्या मायच्या घराला? न्हाई लागायची, वहिनी!"

अर्जुनरावांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं आणि मुक्ताबाईंच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला... किती वर्षांनी धर्मापुरीहून दीर आला होता, थोरल्या भावाच्या मातीलाही न आलेला दीर, आणि आला तो घरातला आपला हिस्सा सांगायला!

मुक्ताबाईंचे यजमान सुंदरराव इथल्या नगरपालिकेचे मुख्याधिकारी होते. दुष्काळात त्यांनी एक रीत घातली होती. टँकर आधी माळावरच्या वस्तीला जाईल आणि साहेबांची गल्ली सगळ्यांत शेवटी. ते गेल्यावर दूध संघाची मंडळी चौकात पुतळा उभारू म्हणाली, तेव्हा मुक्ताबाईंनी हात जोडले होते. "पुतळ्याला तहान लागत न्हाई, बाबा! ज्या लेकरांना त्यांच्यासारखं मुख्याधिकारी व्हायचंय, त्यांना अभ्यासाला जागा द्या. माझं घर घ्या." स्वतःसाठी त्यांनी फक्त मागची खोली मागितली होती. पण दिराच्या होकाराशिवाय सुंदररावांच्या नावाची ती अभ्यासिका उघडणार कशी?

"बसा तरी, भाऊजी... पाणी घ्या."

"पाणी? या घरात?" अर्जुनराव कडवट हसले. "माय मेली तवा रांजण कोरडा व्हता. दारावरून टँकर गेला अन् या साहेबानं थांबिवला न्हाई! बिनआंघोळीची माय मसणात धाडली..."

मुक्ताबाईंच्या काळजात तो दिवस पुन्हा उभा राहिला. दारात हॉर्न वाजला होता, ड्रायव्हर खाली उतरून साहेबांच्या तोंडाकडे बघत होता, आणि मायच्या उशाशी बसलेल्या सुंदररावांनी डोळे मिटून एवढंच म्हटलं होतं, "पुढं जाऊ द्या." तो हॉर्न अजूनही दुपार कलली की मुक्ताबाईंना ऐकू येई... गल्लीत नळ आले, टँकर कधीच बंद झाले, तरी! मग कोपऱ्यातला रांजण आतल्या आत घुमू लागे, जणू कुणी त्यात तोंड घालून हाका मारतंय...

त्यांनी ओठ उघडले, तोच अंगणात काठी वाजली. माळावरची साखराबाई नातीचा हात धरून आली होती. आज सुंदररावांच्या मायच्या मरणाची तिथ. दरसाल या दिवशी ती येई. कुणाकडे न बघता ती न्हाणीच्या दगडाशी गेली आणि घरून आणलेला तांब्या तिनं त्यावर हळूहळू रिता केला...

"तांब्या तांब्यानं गं, न्हाली साहेबाची माय
कोरड्या सालामधी, ओला निघाला तिचा पाय..."

"हे काय लावलंय, म्हातारे?"

"धाकले भाऊ का?" साखराबाईनं डोळे बारीक केले. "तुमी रागानं निघून गेलते, खांद्याला बी थांबले न्हाई. त्या दिशी ड्रायवर रडतच आला आमच्याकडं. म्हनला, साहेबाची माय गेली अन् पानी तुमाला धाडलंय. मंग आमाला ऱ्हावतंय व्हय? माळावरून बाया उतरल्या, घरटी एक तांब्या! पार उंबऱ्यापातूर ओल गेलती, भाऊ... अशी न्हाली तुमची माय!"

अर्जुनरावांचा चेहरा राखेसारखा झाला. "मला कावून न्हाई सांगितलं, वहिनी?"

"धर्मापुरीला किती खेपा घातल्या, भाऊजी... तुम्ही दार कुठं उघडलंत?"

ते त्या ओल्या दगडावर मटकन बसले, त्यावर तळवा फिरवत राहिले आणि एकाएकी लेकरासारखे हुंदके देऊ लागले. "दादा... दादा रं!"

बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली. "ही पोर कोन?"

"माझी नात, चतुरा. साहेब व्हयाचं म्हनती. चौकातल्या दिव्याखाली पुस्तक घिऊन बसती."

अर्जुनरावांनी वहिनींच्या हातातला तांब्या घेतला, आधी चतुरेला पाणी पाजलं, मग उरलेलं पाणी स्वतः प्यायले. "उद्यापासून इथं बसायचं, बाई. अन् वहिनी... दादाची पाटी लावा."

दुपार कलत होती. मुक्ताबाईंनी कान टवकारले... दूरवर तोच हॉर्न! त्यांनी घट्ट डोळे मिटून घेतले.

"वहिनी," अर्जुनरावही कान देत कुजबुजले, "टँकर आला का हो?"

चतुरेनं बाहेर डोकावलं. गल्ली मोकळी होती.

अर्जुनराव उठले, उंबऱ्यात जाऊन उभे राहिले आणि त्या मोकळ्या गल्लीपुढं हात जोडून म्हणाले,

"पुढं जाऊ द्या, दादा... आपली गल्ली शेवटी."