उलट्या पायाचा वैमानिक

कुसळीच्या माळावर रविवारी सकाळी चहाला जायचं ते विमानानेच, अशी पद्धत पडून आता पाचसहा वर्षं झाली होती. उडत नाही हो, रांगत. हँगरपासून टपरीपर्यंतचं अर्धा किलोमीटर अंतर जो तो आपापलं घरी बांधलेलं विमान तुरुतुरु चालवत यायचा, टपरीपुढे ओळीत लावायचा आणि पंखाच्या सावलीत बसून कप धरायचा.

घरी बांधलेल्या विमानाची सगळी अब्रू आकाशात असते आणि बेअब्रू जमिनीवर. वर गेलं की राजहंस, खाली आलं की बदक, तेही वरातीत निघालेलं. पुढे एक छोटं चाक असतं, त्याला माळावर नाकचाक म्हणत. ते पायांखालच्या दोन पेडलांनी वळवायचं. उजवं दाबलं की उजवीकडे, डावं दाबलं की डावीकडे, बस्स. पण बाजूचा वारा शेपटीला धरून विमान गरगर फिरवू लागला, की भलेभले बाभळीत शिरत. एक दंतवैद्य तर धावपट्टी सोडून जो निघाला तो शेजारच्या गावात लग्नाच्या मांडवात पोचला आणि जेवूनच परतला, असं सांगतात. सांगतात म्हणजे भालचंद्र ऐनापुरे सांगतात.

ऐनापुरे एकाहत्तर वर्षांचे. नोकरीत असताना त्यांनी कालवे खणले, निवृत्तीनंतर पत्रे कापून, रिबिटं ठोकून ‘टिटवी’ नावाचं दोन आसनी विमान बांधलं. त्यांच्या गोष्टींत बोकड पंखावर बसून सांगलीला जाऊन यायचा, आणि ऐकणारे पुढच्या रविवारी बोकडाची तब्येत विचारायचे.

यंदा मात्र माळावरची बदकं नीट चालू लागली होती, ती नाकचाकाच्या जागी बसवलेल्या उमजचाकामुळे. या चाकात मेंदूएवढी नव्हे, पण चांगली सुपारीएवढी अक्कल होती. तीन आठवड्यांपूर्वी माळावरची मिस्त्री रुक्साना शिकलगार टिटवीच्या पोटाखाली पाठीवर पडून ते बसवत होती, तेव्हा ऐनापुऱ्यांनी विचारलं होतं, “याला काय उमजतं म्हणे?”

“तुम्हाला काय म्हणायचंय ते,” पोटाखालून आवाज आला. “पेडलावर तुमचा पाय किती जोर लावतो ते हे मोजतं. वरची काचेची टिकली तुमची नजर बघते, खांदा कुठं कलतो ते बघते. नजर एकीकडं आणि पाय दुसरीकडं गेला, तर हे नजरेचं ऐकतं.”

“म्हणजे पायाची चुगली करतं!”

“चुगली कुणाकडं करायची? नोंद फक्त मालकाला दिसते, तुमच्या अंगठ्यानं उघडते. पाच-सात वेळा एकच खोड दिसली की हे ती पक्की करतं. मग नजरेला विचारत बसत नाही, आपलं आपण निस्तरतं. घाबरलेल्या माणसाला नजर फिरवायला तरी वेळ असतो का? पाना द्या काका, तेरा नंबरचा.”

ऐनापुऱ्यांनी पाना दिला. तिने दांडीचा नट आवळला, रंगाने खूण केली, परत पाना लावून पाहिला आणि तिसऱ्यांदाही पाहिला. चार वर्षांपूर्वी ती एकदाच आवळायची आणि शीळ घालत पुढे जायची.

चार वर्षांपूर्वीची हकीकत माळावर सगळ्यांना ठाऊक होती. टिटवीची पेडलं नाकचाकाला जोडणाऱ्या दांड्या रुक्सानाने नव्याने जोडल्या होत्या. विमान चौघांनी हाताने ढकलत पट्टीच्या तोंडाशी नेलं, त्यामुळे वाटेत वळवून बघायचा प्रसंगच आला नाही. ऐनापुऱ्यांनी वेग घेतला आणि डावीकडून एक कुत्रं आडवं आलं. विमान उजवीकडे वळायचं ते डावीकडेच वळलं, कुत्र्याच्या शेपटीवरून गेलं आणि वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या झोळीच्या लोखंडी खांबावर आदळलं. नाकचाक मुळापासून निखळलं. दांड्यांचा असा पिळा झाला की कोणती कुठे होती हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. फुटलेल्या ओठावर रुमाल धरून ऐनापुरे म्हणाले, “दांड्या उलट्या जोडल्यात कुणीतरी!”

कुणीतरी म्हणजे एकटीच होती. ती चोवीस वर्षांची पोरगी पिळवटलेल्या दांड्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, “झालं असंल माझ्याकडून.” माळावरच्या विमानवाल्यांच्या मंडळाने तिचा सहीचा हक्क काढून घेतला. विमान जमिनीवर चालायला योग्य आहे, अशी सही ज्याची, तोच खरा कारागीर. त्याखालचे सगळे हमाल. बाकीच्यांनी तिला काम देणं थांबवलं, तेव्हा ऐनापुरेच पुढे झाले. “पोर आहे, चुकतं. माझं विमान हीच बघेल.” केवढं कौतुक झालं त्या मोठ्या मनाचं! तेव्हापासून दर ईदला रुक्साना त्यांच्याकडे शिरखुर्म्याचा डबा घेऊन यायची. ऐनापुरे दोन वाट्या खायचे. तिसरी घशाखाली उतरत नसे, आणि त्याचं खापर ते मधुमेहावर फोडत.

आज त्या हक्काचा फैसला होता. मंडळाचे चिटणीस हुपरीकर सर, निवृत्त मुख्याध्यापक, हातात नोंदवही घेऊन टपरीसमोर खुर्ची टाकून बसले होते. अट साधी होती. रुक्सानाने स्वतः बसवलेलं चाक स्वतः चालवून दाखवायचं. मध्येच गवत भरलेलं पोतं दोरीने आडवं ओढून तिला दचकवायचं. विमान पोत्यापासून दूर वळलं की सहीचा हक्क लगेच परत.

टिटवी हँगरबाहेर काढण्याआधी ऐनापुऱ्यांनी सहज म्हणून चाकाचा तळहाताएवढा सुटा पडदा हातात घेतला आणि अंगठा टेकवून नोंद उघडली. तीन आठवड्यांत आपण किती सफाईने चालवलं हे वाचून खूश व्हावं, एवढाच हेतू. पडद्यावर शुद्ध, नम्र मराठीत लिहिलं होतं: ‘आपण घाबरल्यावर आपला पाय उलट दाबतो. प्रसंग सात. सातही वेळा दुरुस्ती केली. खोड पक्की समजावी. दुसरी व्यक्ती चालवणार असल्यास शिकलेले आधी पुसावे.’

खाली सातही प्रसंग होते. मोर. पाण्याचा टँकर. हुपरीकर सरांची स्कूटर, दोनदा. दर वेळी पाय चुकला होता आणि दर वेळी चाकाने काही न बोलता सांभाळून घेतलं होतं. ऐनापुऱ्यांना वाटलं होतं, आपला हात बसला.

ते हँगरमध्ये खाली बसले. पायाला खोड कुठून लागली हे त्यांना चाकाने सांगायची गरज नव्हती. नऊ वर्षांचे असताना गावच्या टाकीच्या उतारावर बेरिंगच्या गाड्यांची शर्यत लागायची. एक फळी, चार जुनी बेरिंगं, पुढची आडवी पट्टी एका बोल्टवर फिरणारी. त्या पट्टीवर दोन्ही पाय ठेवून गाडी वळवायची. तिथे उजवा पाय रेटला की पट्टीचं उजवं टोक पुढे जातं आणि गाडी डावीकडे वळते. विमानाच्या बरोबर उलट! भालू ऐनापुरे त्या उतारावर तीन वर्षं अजिंक्य होता. पुढे विमान शिकताना पायाला नवं शिकवलं, पायाने मानही डोलावली. पण भीती वाटली की पाय पळत त्या उतारावर जायचा.

कुत्रं डावीकडून आलं होतं. त्यांनी डावा पाय दाबला होता. दाबताना, आदळायच्या आधीच, त्यांना कळलं होतं.

आणि तरीही ते वाक्य तोंडून निघालं होतं. निघालं ते निघालं, परत कसं घ्यायचं? मग दुसऱ्या दिवशी, मग पुढच्या रविवारी, मग ईद झाल्यावर, असं करत करत चार वर्षं गेली. त्यानंतर टपरीच्या वाटेवर त्यांनी टिटवी कधी माणसाच्या चालीपेक्षा जोरात चालवली नव्हती. लोक म्हणत, काका किती जपून चालवतात!

“काका!” रुक्साना दारात उभी होती. नवा कुर्ता, हातात काळं ग्रीस. “निघते मी. एक विचारायचं राहिलं. चाकानं तुमच्या पायाचं काही वेगळं नोंदवलंय का? मला ते उघडत नाही. काही खोड असली तर पुसून मगच बसते.”

पडदा अजून त्यांच्या गुडघ्यावर उजळलेला होता. त्यांनी तो हळूच पालथा केला.

“माझ्या पायाचं काय वेगळं असणार गं? भूत आहे का मी, पाय उलटे असायला?”

ती खळखळून हसली. माळावर सगळेच त्यांच्या बोलण्यावर हसत. “तुमचं आपलं काहीतरीच,” म्हणाली आणि विमानात चढली.

ती इंजिन तापवत होती तोवर ते पुढे टपरीपर्यंत चालत आले, ते मनाला समजावतच. पोरगी हलकी आहे, आपण जाड. चाकाला माणूस बदलला हे कळेलच की. सुपारीएवढी का होईना, अक्कल आहे. आणि ती कुठे घाबरतेय? शिकलगारांची मुलगी, पोत्याला भिणार होय? चार वेळा त्यांनी थांबवायला हात वर केला. चौथ्यांदा हुपरीकर सरांना वाटलं, ते नमस्कारच करतायत. सरांनी उलट नमस्कार केला.

टिटवी आली. मान ताठ, शेपूट सरळ, बाजूचा वारा असूनही रेघ मारल्यासारखी. सर म्हणाले, “वा!” आणि डावीकडून पोतं सुटलं.

रुक्सानाने उजवं पेडल दाबलं. काचेतून तिचा उजवा गुडघा पुढे गेलेला ऐनापुऱ्यांना स्पष्ट दिसला. चाकाने मात्र पाय दचकून दाबलेला ओळखला, पक्की केलेली खोड आठवली, नजरेला विचारलं नाही आणि इमानदारीने तिचं उलट केलं. विमान डावीकडे झेपावलं. पोतं चिरडलं, पंखाचं टोक टपरीच्या बांबूला लागलं, कपबश्या उडाल्या, आणि सरांच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर टिटवी ब्रेकवर कचकन थांबली.

रुक्साना खाली उतरली. तिने कुणाकडेही पाहिलं नाही, सरळ वाकून नाकचाकाखाली हात घातला.

“परत उलट्या जोडल्या मी,” ती जमिनीकडे बघत म्हणाली. “तीनदा बघितलं होतं, सर. तरी परत. लिहा तुम्ही.”

सरांनी वही उघडली.

“लिहू नका,” ऐनापुरे म्हणाले. “दांड्या सरळ आहेत. त्या वेळीही सरळ होत्या. उलटा होता तो माझा पाय.” आणि त्यांनी बेरिंगच्या गाडीपासून सगळं सांगितलं. कुत्रं, डावा पाय, सात प्रसंग, आत्ताच पालथा केलेला पडदा.

टपरीवर कुणीतरी हसलं. मग डोळे पुसत सर म्हणाले, “भालचंद्रराव, मानलं तुम्हाला! मुलीला वाचवायला केवढी गोष्ट रचलीत. पण नियम तो नियम.”

“गोष्ट नाही, सर.”

“बोकडाच्या वेळीही तुम्ही असंच म्हणाला होतात.”

एकाहत्तर वर्षांत लोकांनी त्यांची एकही थाप नाकारली नव्हती, आणि आता खरं बोलत होते तर त्यांचं थोर मन पाहून टपरीवाल्याने त्यांना खुर्ची आणून दिली. ऐनापुरे त्या खुर्चीवर बसले नाहीत. त्यांनी खिशातून पडदा काढला, अंगठा टेकवला आणि रुक्सानाच्या हातात दिला. “मोठ्यानं वाच.”

तिने वाचलं. ‘आपला पाय उलट दाबतो’ इथे तिचा आवाज थांबला. उरलेलं तिने मनात वाचलं आणि पडदा सरांकडे दिला. मग तिने एकच विचारलं. “त्या दिवशी तुम्हाला कधी कळलं?”

“आदळायच्या आधी.”

“मग शिरखुर्मा कसा काय खात होता, काका?”

ऐनापुरे वाकून उडालेल्या कपबश्यांचे तुकडे गोळा करू लागले.

सरांनी घाईने जुनी पानं उलटली, चार वर्षांपूर्वीचा शेरा खोडला, समोर तारीख घातली. मग वही आणि पेन दोन्ही तिच्यापुढे धरलं. “घे बाळ. टिटवीवर पहिली सही तूच कर. दांड्या सरळच आहेत, मशीनच साक्ष देतंय.”

रुक्सानाने पेन घेतलं. टोक कागदाला टेकलं आणि तिथेच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. तिने पेन खाली ठेवलं, विमानाखाली शिरली आणि तेरा नंबरचा पाना लावून नट पाहिला. बाहेर आली, पेन उचललं, परत ठेवलं, परत आत शिरली. या खेपेला ती बराच वेळ बाहेर आली नाही. ऐनापुरे गुडघ्यांवर बसले आणि वाकून आत पाहू लागले. ती पाठीवर पडली होती, पाना छातीवर, डोळे उघडे.

“या चाकाचं शिकणं बटणानं पुसता येतं, काका,” ती म्हणाली. “पण सरळ काय न् उलटं काय, ते माझ्या हाताला आता कोण सांगणार?”