चौकटीखालची तारीख

दौंडच्या सायबर कॅफेत त्या दुपारी लाइट गेली नसती, तर नॅन्सीनं शेजारच्या पोराकडे कशाला बघितलं असतं! आणि बॅटरीवर चालू राहिलेल्या दोघांच्याही पडद्यांवर ऑर्कुटची एकच कम्युनिटी होती — वाफेच्या इंजिनांच्या वेड्यांची.

"दौंडला इंग्रज 'धोंड' लिहायचे, हे तुम्हीच टाकलंत?"

"व्हय. आन् खाली 'थापा' असं तुम्हीच लिहिलंत!"

नॅन्सी हसली. दोन वर्षांनी हसली बिचारी... कुरकुंभच्या कंपनीत कुणीतरी आजारी पडला, त्याच्या जागी तिचा भाऊ रॉनी जादा पाळीला थांबला आणि स्फोटात गेला. तिची आई ग्लॅडिस त्या अनोळखी आजारी पोरासाठी अजून रोज प्रार्थना करायची.

तो पोरगा न्हावऱ्याचा सोहेब, हल्ली डेअरीवर कामाला. दर रविवारी चहा, चेष्टा, चोरटं बघणं... 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. एकदा त्यानं चौकटीतला फोटो दिला — मालगाडीवर चढवून नेलेलं जुनं इंजिन.

"मी काढलाय. माझ्यापेक्षा देखणं हाय ना?"

"त्यात काय अवघड!"

त्याच रविवारी तिनं रॉनीचं सांगितलं. सोहेबचा चेहरा पांढराफटक पडला. पुढचे दोन रविवार तो आलाच नाही.

कम्युनिटीत निनावी कबुल्यांचं एक पान होतं. तिथं नवी कबुली आली — 'आजारी असल्याचं खोटं सांगून इंजिनाचा फोटो काढायला गेलो. माझ्या जागी थांबलेला घरी परतला न्हाई.'

नॅन्सीनं घरी येऊन चौकट उचकटली. फोटोच्या कोपऱ्यात कॅमेऱ्यानं छापलेली तारीख होती. रॉनी गेला ती.

तिनं न्हावऱ्याची एसटी धरली.

"तूच ना?"

"व्हय... पर तू त्याची बहीण, हे तू सांगितलंस तवाच कळलं. जीव आधीच जडला हुता, नॅन्सी."

"माझाही जडलाय, मेल्या! पण हे निनावी चालणार नाही. आईसमोर बोल."

तो आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळं बोलला. ग्लॅडिसनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तू आजारी नव्हतास?"

"न्हाई, मावशी."

तिनं दार लावून घेतलं.

नॅन्सी फाटकापर्यंत गेली. "आता येऊ नकोस," म्हणाली, आणि त्याचा हात मात्र कितीतरी वेळ तिला सोडवेना.

संध्याकाळी प्रार्थनेत आजारी पोराची जागा आली, तशी ग्लॅडिस थांबली. मग नॅन्सीच डोळे मिटून म्हणाली, "आणि देवा, सोहेबला सांभाळ."

बऱ्याच वेळानं आई 'आमेन' म्हणाली.